पंधरा दिवसांच्या रजेत नर्मदा परिक्रमा: टप्पे कुठे तोडायचे?

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात हायस्कूलवर शिक्षक, वय ५२, गुडघे ठीक. सलग पंधरा-सोळा दिवसांपेक्षा जास्त रजा मिळत नाही. नर्मदेची पायी परिक्रमा तुकड्यातुकड्यांनी करता येईल का? आणि येत असेल तर नकाशावर सारखे भाग पाडून चालेल का?

करता येते, सर. तिला खंड परिक्रमा म्हणतात आणि आता बरेच लोक तशीच करतात. मात्र सारखे भाग पाडलेत तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती खंडित होईल. खंड आणि खंडित यांत फरक एवढाच की पहिल्यात कुठे थांबायचं ते आपण आधी ठरवलेलं असतं, दुसऱ्यात पाय, पैसा किंवा परतीचं तिकीट ठरवतं. म्हणून आधी थांबे ठरवा. किलोमीटर मग आपोआप त्यांत बसतात.

पहिलं गणित घरी कागदावर करायचं. नदीची लांबी १,३१२ किमी, म्हणजे दोन्ही काठ धरून २,६०० च्या वर. धरणांचे फुगवटे, ओढे-नाले आणि डोंगर यांचे वळसे धरले की चाल ३,२०० किमीच्या आसपास जाते. रोजची सरासरी २२ किमी धरली तर १४५ दिवस. आता एका फेरीचा खर्च बघा. बेळगावहून जायला दीड-दोन दिवस, यायला तेवढेच. शिवाय पहिले तीन दिवस पाय आणि पोट बसेपर्यंत १५ किमीच्या वर जाऊ नये. म्हणजे आठ दिवसांची रजा घेतली तर खरी चाल एक-दोन दिवसांचीच. सोळा दिवसांच्या रजेत बारा दिवस चालता येतं, त्यातले नऊ पूर्ण चालीचे. प्रत्येक फेरीला हे सहा-सात दिवस मोजूनच द्यावे लागतात, कारण सहा महिने घरी बसलं की तळव्याची कातडी पुन्हा मऊ होते. ‘दर महिन्याला एक शनिवार-रविवार’ हा बेत इथे चालत नाही. वर्षाला दोन मोठे टप्पे घ्या, साडेपाच-सहा वर्षांत परिक्रमा पुरी होते.

दुसरं गणित पंचांगाचं, आणि कर्नाटकातल्या शिक्षकाची गाडी नेमकी इथेच अडते. चातुर्मासात परिक्रमा चालत नाहीत, कार्तिकी एकादशीनंतर उचलतात. आपली दसऱ्याची सुट्टी येते आश्विनात, म्हणजे चातुर्मासातच. उन्हाळ्याची सुट्टी लागते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा निमाडात, म्हणजे खरगोन-बडवानीच्या बाजूला, पारा ४२-४३ ला टेकलेला असतो. त्यामुळे मोठ्या सुट्ट्या असूनही बहुतेक टप्प्यांना शिल्लक रजाच मोडावी लागणार. त्यातल्या त्यात सोयीचे पंधरवडे दोन: कार्तिकी एकादशी झाल्या झाल्या एक, आणि जानेवारी अखेर ते फेब्रुवारी, दहावीच्या परीक्षेची घाई सुरू होण्याआधी, दुसरा. (शेती असलेल्यांचं कोष्टक वेगळं. बेळगाव-खानापूरकडची भाताची सुगी आटोपल्यावर जानेवारी मोकळा असतो. चिकोडी-अथणीकडच्या ऊसवाल्यांनी तोडणीची पाळी लागल्याशिवाय तारीख धरू नये.) उन्हाळ्याची सुट्टी वाया जाऊ द्यायची नाही. तिचा उपयोग कुठे करायचा ते पुढे सांगतो.

आता नियमाचा प्रश्न, कारण त्यावर थांबे अवलंबून आहेत. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि समुद्राच्या मुखाशी होडीने जाणं सोडलं तर ती कुठेही ओलांडायची नाही. उपनद्या ओलांडता येतात. दक्षिण काठावर टप्पा संपवला तर अडचण नाही: खांडवा, इटारसी, नंदुरबार, अंकलेश्वर ही सगळी स्टेशनं नर्मदेच्या दक्षिणेला आहेत. पण उत्तर काठावर टप्पा संपवून बेळगावला यायचं म्हणजे कुठल्या तरी पुलावरून नर्मदा ओलांडावीच लागते. त्याला पळवाट नाही, भूगोलच तसा आहे. म्हणून सुरुवातीलाच ठरवा. खंड परिक्रमेत बहुतेक जण असं करतात: दर टप्प्याला वेगळा संकल्प, टप्पा संपला की पूजा करून संकल्प सोडायचा, मग वाहनाने केलेला प्रवास परिक्रमेत धरायचा नाही. बरोबर नेलेल्या कुपीतलं नर्मदेचं जल घरी देवघरात ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच घेऊन निघायचं. हे पटत नसेल तर उत्तर काठ निवृत्तीनंतर सलग करा. अर्ध्या वाटेवर भरूचच्या पुलाशी उभं राहून या शंकेचा घोळ घालण्यापेक्षा आपल्या गुरुजींशी आधी बोलून घेतलेलं बरं.

नियमाचे फसवे कोपरे तीन आहेत. ओंकारेश्वराचं मुख्य मंदिर मांधाता बेटावर आहे, पुलावरून तिकडे जाणं म्हणजे धार ओलांडणं. दर्शन संकल्पाच्या आधी घ्या, नंतर दक्षिण काठावरच्या ममलेश्वरावर समाधान माना. एकतानगरचा सरदार पटेलांचा पुतळा साधू बेटावर, म्हणजे नदीपात्रातच आहे. आणि भेडाघाटला धुआंधार धबधब्याचा रोपवे नदीवरून पलीकडे जातो. दमून आलेला माणूस सहज बसतो आणि मग रात्रभर हळहळतो.

सुरुवात कुठूनही करता येते, जिथून उचलली तिथेच संपवायची. बेळगावकरांना ओंकारेश्वर सोयीचं, कारण गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ करत खांडवा आणि इटारसीला जाते. एका गाडीत काम होतं. निपाणी-चिकोडीकडच्यांनी मिरजेला बसावं. खांडव्याहून ओंकारेश्वर सुमारे ७० किमी, बस मिळते. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा रजेचा अर्ज त्याआधी मंजूर हवा. परतीची गोवा एक्स्प्रेस खांडव्याला अपरात्री येते, म्हणून आदल्या संध्याकाळीच स्टेशनवर पोचायच्या हिशेबाने शेवटचा दिवस आखा.

थांबा म्हणून गाव निवडताना तीन गोष्टी बघायच्या: आसन लावता येईल, म्हणजे रात्रीचा मुक्काम करता येईल, असा आश्रम किंवा धर्मशाळा, दिवसातून चार तरी बस, आणि दोन-तीन वर्षांनी परत आलात तरी ओळखू येईल अशी पक्की खूण, म्हणजे घाट, मंदिर, पूल. ‘आज अंधार पडला म्हणून’ मधल्याच पाड्यावर टप्पा तोडला तर पुढच्या वेळी तिथवर पोचण्यातच एक दिवस जातो.

पहिला टप्पा ओंकारेश्वर ते बडवानी, दक्षिण काठाने, नऊ-दहा दिवस. तो मुद्दाम लहान ठेवलाय. निमाडातली गावं जवळजवळ, रस्ता सपाट, भोजनप्रसादीची आबाळ नाही, आणि पायांचं काही बिनसलं तर आग्रा-मुंबई महामार्गावरच्या खलघाट पुलाशी आपसूक बाहेर पडता येतं. वाटेत रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे, १७४० साली ते तिथेच गेले. अर्धा दिवस जास्तीचा धरा. या पट्ट्यात काळी माती आहे. खानापूरच्या तांबड्या वाटांवर सराव केलेल्या माणसाला बैलहोंगलच्या रानात पावसानंतर बुटाला दोन-दोन किलो चिखल कसा चिकटतो ते ठाऊक नसेल. अवकाळी शिंतोडा आला तर शेतातली पायवाट सोडून सरळ डांबरी धरा.

दुसरा टप्पा बडवानी ते राजपिपला, म्हणजे शूलपाणीची झाडी, डोंगर-जंगलाचा पट्टा. अकरा-बारा दिवस. याच टप्प्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरचा पंधरवडा राखून ठेवा: ओढ्यांना पाणी असतं आणि उन्हाचा चटका नसतो. पाटी, बोकराटा, भादल, मग महाराष्ट्राच्या हद्दीत खापरमाळ, धडगाव, पुढे गुजरातेत माथासर, गोरा, अशी सर्वसाधारण चाल आहे. जुन्या वर्णनांतली काठाकाठाची वाट आता शोधू नका. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले, पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे, आणि ती वाट पाण्याखाली गेली. या झाडीत परिक्रमावासीयांना लुटल्याच्या जुन्या कथाही बाजूला ठेवा. आजची अडचण साधी आहे: चढ-उतार, दोन आसनांमधलं अंतर, आणि बाहेर पडायची वाट एकच. ती वाट म्हणजे धडगाव. तालुक्याचं ठिकाण, सरकारी दवाखाना, तिथून एस.टी.ने शहादा आणि नंदुरबार स्टेशन. म्हणून नियम असा करा: धडगावला एक दिवस पूर्ण विसावा. गुडघा दुखत असेल, ताप असेल तर टप्पा तिथेच सोडायचा, पुढे रेटायचं नाही. धडगावच्या पुढे निर्णय बदलायला फार जागा उरत नाही. इथे तीन लिटर पाणी, सुट्ट्या नोटा (मोबाइलला रेंज नसते, तेव्हा फोनवरून पैसे देणं विसरा) आणि दुपारी चारच्या आत आसन. संपूर्ण परिक्रमेत महाराष्ट्र लागतो तो एवढाच. सीमाभागातल्या माणसाला इथे तरी बसच्या पाट्या मराठीत वाचायला मिळतात.

ज्यांना डोंगर झेपणार नाही त्यांच्यासाठी निवाळी, खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा, सागबारा, देडियापाडा असा सडकेचा मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण डांबर जास्त आणि म्हणून फोडही जास्त.

तिसऱ्या टप्प्यात समुद्र आहे, आणि सगळ्यात जास्त आखण्या इथेच कोसळतात. राजपिपल्याहून अंकलेश्वर, हांसोट करत कतपोरला पोचायला सहा दिवस. तिथून होडीने खाडीचं मुख ओलांडून पलीकडे मीठी तलाईला उतरायचं. होडी घड्याळावर सुटत नाही. खाडीत गाळ आहे, भरतीचं पाणी चढल्याशिवाय होडी हलत नाही, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे तीनला सुटली तर चार दिवसांनी सहा वाजून जातात. त्यात गर्दी, वारा, नावनोंदणी. एक-दोन दिवस वाट पाहावी लागणं हे नेहमीचंच. म्हणून होडी टप्प्याच्या मध्यात यायला हवी, शेवटच्या दोन दिवसांत कधीच नको. कतपोरला टप्पा तोडायचा आणि पुढच्या खेपेला होडीने सुरुवात करायची, हा हिशेबही नको. ताज्या, न बसलेल्या पायांनी पलीकडच्या खाऱ्या, सावली नसलेल्या पट्ट्यातून चालणं जड जातं.

या टप्प्याचा शेवट सैल ठेवा. होडी वेळेवर मिळाली तर भरूचच्या पुढे शुक्लतीर्थ, नारेश्वरपर्यंत जा. नाही मिळाली तर भरूचलाच थांबा. सगळीकडून वाहन मिळतं. बेळगाववरून गुजरात-राजस्थानकडे जाणाऱ्या गांधीधाम, अजमेर, जोधपूर या लांब पल्ल्याच्या गाड्या सुरत-वडोदऱ्याला थांबतात, पण रोज नसतात. त्यांचा वार धरायचा असेल तर दोन दिवस आधी पोचायचा बेत करा. नाहीतर मुंबई किंवा पुणे गाठून पुढे यावं. होडीसाठी दोन लिटर पाणी, कोरडा खाऊ, मळमळीची गोळी, सामान प्लास्टिकच्या जाड पिशवीत. उतरताना गुडघाभर चिखल असू शकतो, म्हणून बूट गळ्यात आणि पायात पट्ट्याच्या चपला. जीवरक्षक जॅकेट मागून घ्यायला लाजू नका.

चौथा टप्पा गरुडेश्वरमार्गे कुक्षीपर्यंत. टेंबे स्वामींची समाधी गरुडेश्वरला आहे. ते माणगावचे, आपल्याकडून आंबोली घाट उतरलं की थोड्याच अंतरावर, त्यामुळे बेळगाव-सावंतवाडीकडची दत्तभक्त मंडळी तिथे मुक्काम वाढवतात. एक दिवस त्यासाठी आधीच धरा, मग रखडल्यासारखं वाटत नाही. गरुडेश्वरनंतर वाट नदीपासून दूर जाते. पाचवा टप्पा कुक्षी, महेश्वर, बडवाह आणि तिथून जंगलातून नेमावर. बडवाह-नेमावर पट्ट्यात एकट्याने आणि दिवेलागणीनंतर चालू नये. बाकी सुखाचा.

नेमावर ते बरमान, बरमान ते मंडला हे पुढचे दोन. बरमानला करेली स्टेशन जवळ, तिथून इटारसी, आणि इटारसीला आपली गोवा एक्स्प्रेस. मंडल्याहून बसने जबलपूर. परत येताना दक्षिण काठाने मंडल्यासमोरच्या महाराजपूरहून बरमान, बरमान ते नर्मदापुरम, आणि शेवटी हंडियामार्गे ओंकारेश्वर. या शेवटच्या भागात इंदिरा सागर धरणाच्या फुगवट्याने वाट बरीच आत लोटली आहे, म्हणून नकाशावर दिसतं त्यापेक्षा तीन दिवस जास्त धरा.

मधला राहिला तो मंडला-अमरकंटक-मंडला. अमरकंटकला तोडायचा मोह होतो, पेंड्रा रोड स्टेशनही आहे. पण बेळगावहून हे सगळ्यात लांबचं टोक. दोनदा जाणं-येणं केलं तर आठ दिवस नुसत्या रेल्वेत. दोन्ही काठ मिळून इथे बावीस-तेवीस दिवस लागतात, आणि उन्हाळ्याची सुट्टी याच टप्प्यासाठी ठेवायची. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, वाटेत सालाची झाडी आहे, निमाडासारखा भट्टीचा उन्हाळा नाही. सुट्टी लागली त्याच दिवशी निघा, पहाटे पाच ते दहा आणि साडेचारनंतर दीड-दोन तास चाला, मेचा दुसरा आठवडा उजाडायच्या आत परत मंडल्यासमोर महाराजपूरला या. कष्ट होतील, पण जमण्यासारखं आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथली थंडी पातळ घोंगडीवर निभत नाही, मग पाठीवरचं वजन दोन किलोने वाढतं.

टप्पा सोडताना करायच्या गोष्टी. ज्या पायरीवर, ज्या दगडाशी थांबलात तिथे फोनमध्ये ठिकाण साठवा, फोटो काढा आणि शिवाय वहीत हाताने लिहा: ‘घाटाची खालची पायरी, डावीकडे पिंपळ, समोर हातपंप’. फोन बदलतो, वही राहते. शेवटच्या आश्रमाचा शिक्का तारखेसह घ्या. संकल्पाच्या वेळी ओंकारेश्वरला मिळालेला परिक्रमावासीचा दाखला, आधारच्या दोन प्रती आणि चार फोटो एकाच पिशवीत ठेवून ती पिशवी घरी परत आल्यावर उघडायचीच नाही. दुसऱ्या वर्षी दाखला सापडत नाही ही तक्रार फार ऐकू येते.

पाठीवर पाण्याशिवाय सहा-सात किलो, त्यापुढे नाही. दोन जोड कपडे, पातळ चटई, घोंगडी किंवा हलकी स्लीपिंग बॅग, कुपी, दंड, वात-कापूर, विजेरी, पॉवर बँक, ओआरएस, ताप-जुलाबाच्या गोळ्या, कागदी चिकटपट्टी, व्हॅसलीन, आणि रक्तदाब-साखरेची औषधं असतील तर टप्प्यापेक्षा पाच दिवस जास्तीची. खाऊ म्हणून कुंदा नेऊ नका, तिसऱ्या दिवशी वास येतो. गोकाकचा करदंट न्या: गूळ, डिंक, सुका मेवा, पंधरा दिवस टिकतो आणि एक तुकडा दोन तास ओढतो. सदाव्रतात कच्चा शिधा मिळतो तेव्हा तिखट आपलं असावं, छोट्या डबीत. मात्र पहिले तीन दिवस तिखट-तेल कमी आणि प्रत्येक दारचा चहा नको. बहुतेकांचं पोट बिघडतं ते पाण्याने कमी आणि दिवसाला बारा गोड चहांनी जास्त.

बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे, आणि निघण्याआधी शंभरेक किलोमीटर घातलेले. डांबरावर दुपारपर्यंत पाय फुगतो, मापाचा बूट नखं काळी करतो. तळव्याला एका जागी गरम लागलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची. ‘पुढच्या गावात बघू’ म्हटलं की फोड आलाच. फोड मोठा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी ओढू नका. मांड्या घासत असतील तर सकाळीच व्हॅसलीन. नडगीच्या पुढच्या बाजूला चौथ्या-पाचव्या दिवशी दुखायला लागलं तर वेग जास्त झालाय असं समजा आणि दोन दिवस १२ किमीवर या.

सराव बेळगावातच होतो. शनिवारी सहा किलोचं ओझं घेऊन राजहंसगड चढून परत, म्हणजे तीसेक किलोमीटर, आणि रविवारी दुखऱ्या पायांनी पुन्हा पंधरा. सरावाचा जीव त्या रविवारात आहे. शूलपाणीच्या आधी दोन महिने देवरवाडीच्या वैजनाथावरून महिपाळगड असा चढ-उतार पाच-सहा वेळा करा, उतरताना दंड वापरायची सवय लावा. पन्नाशीनंतर ईसीजी आणि रक्तातली साखर तपासून घ्यायची, दर टप्प्याआधी.

चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा (नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्याच पट्ट्याची) चाचणी म्हणून करू का, असंही बरेच जण विचारतात. जरूर करा, पण ती एका दिवसाची, वीस-एकवीस किलोमीटरची. तिच्यावरून पायांचा अंदाज बांधू नका.

पहिल्या टप्प्यासाठी कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वरला असाल अशा बेताने जायचं तिकीट काढा. परतीची दोन काढा, दोन दिवसांच्या अंतराने, दोन्ही खांडव्याहून. बडवानीला पोचल्यावर नको असलेलं रद्द करायचं.